डोळ्याखालचा भोवरा

नवलची आणि माझी पहिली भेट म्हणजे एक तक्रार होती. "तुम्ही माझ्या घोडीच्या डोळ्याखालचा भोवरा का काढला?"

नमस्कार नाही, कृपया नाही. मी जळगावात आमच्या घरी पंख्याखाली बसून तो मेसेज वाचला आणि असा राग आला म्हणता…

झालं होतं असं. माझा चुलतभाऊ अभिमन यानं 'रानवाट' नावाचा एक खेळ केलाय. त्यात चित्र एकही नाही, सगळा खेळ अक्षरांचा. फोनवर उमटतं, 'समोर ओढा आहे. काय करतोस?' आपण लिहायचं, 'ओलांडतो.' गेल्या हिवाळ्यात आम्ही खेळणाऱ्यांना नवी मुभा दिली, की आपल्या स्वारीचं जनावर कसं दिसतं ते ज्याचं त्यानं लिहावं. आलेली वर्णनं वाचून, नीटनेटकी करून खेळात सोडायचं काम माझ्याकडे होतं. लोकांनी सोन्याच्या पंखांचे घोडे पाठवले, आग ओकणारे उंट पाठवले, चोपड्याच्या एकानं तर केळीच्या पानांची झूल घातलेला हत्ती पाठवला. नवलचं वर्णन एवढंच होतं: 'पांढरी घोडी. उजव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा.' मला ते ओकंबोकं वाटलं. मी भोवरा काढला आणि तिच्या कपाळावर चंद्रकोर रेखली. वर स्वतःवर खूशही झाले.

भोवरा परत ठेवते, पण त्यात एवढं काय, असं मी त्याला विचारलं. उत्तर बऱ्याच वेळानं आलं.

"तिला सगळ्यांनी झाकलं. खेळात तरी नको."

त्यानंतर तो रोज काहीतरी बदल मागू लागला.

"घोडीला आज जांभळा गोंडा. मंजूर?"

"जांभळाच का?"

"परवा तुम्ही म्हणालात, जांभळा आवडतो."

"मला आवडतो. घोडीला विचारलंत का?"

"विचारलं. ती म्हणाली, त्यांना नुसतं दीपमाला म्हण…"

मी एकटीच हसत सुटले. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं गं. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. खेळात त्याची पांढरी घोडी आणि माझी काळी घोडी ओढ्याकाठी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. 'काळी घोडी' एवढ्यापुढे माझ्या घोडीचं वर्णन मात्र मी कधी लिहिलंच नव्हतं. बाकीच्यांची मंजूर करायची आणि स्वतःची जागा रिकामी ठेवायची.

त्याला कारण होतं. माझ्या गळ्यावर डावीकडे तळहाताएवढा पांढरा डाग आहे. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. पाहायला कुणी येणार असलं, की आई त्यावर पावडर थापते आणि वरून ओढणी गुंडाळते. तरी लोकांना कळतंच. मग ते 'कळवतो' म्हणून जातात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. नवलला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तो माझ्या अक्षरांवर जीव टाकू लागला होता आणि मला भीती वाटत होती, खूप.

मे महिन्यात तो म्हणाला, धुळ्याला ये. दोंडाईचाहून तो आला, जळगावहून मी गेले. बसस्टँडजवळच्या रसवंतीत समोरासमोर बसलो. सावळा, अंगानं काटकुळा, बोलताना आधी खाली बघणारा. चरकाचे घुंगरू वाजले, की दचकायचा. मी स्कार्फ घट्ट बांधून घाम गाळत होते.

मग त्यानं सांगितलं. त्याचे आबा वरातीला घोडी द्यायचे. डोळ्याखाली भोवरा असलेल्या घोडीला बाजारात आसूढाळ म्हणतात, ती धन्याला रडवते म्हणे. म्हणून दर लग्नाआधी आबा आणि नवल तिच्या चेहऱ्यावर रंगाची नक्षी काढून तो भोवरा झाकायचे. एका वरातीत ऊन फार होतं. नवरदेवाच्या मामानं दया येऊन ओल्या टॉवेलनं तिचं तोंड पुसलं, आणि भोवरा उघडा पडला. भर रस्त्यात नवरदेवाला खाली उतरवलं. पुढे पंधरवड्यात त्या घरचे आजोबा गेले आणि खापर घोडीवर फुटलं. एका सकाळी ती तबेल्यात मेलेली सापडली, तोंडाला फेस होता. तिला कुणी काय खाऊ घातलं ते कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आबा तेव्हापासून कुणाशी बोलत नाहीत.

"शेवटी रडवलंच तिनं," नवल म्हणाला.

"तिनं नाही. माणसांनी रडवलं."

त्यानं वर पाहिलं. असं पाहिलं, की माझी सगळी भीती गेली. मी स्कार्फ सोडला.

तो बघत राहिला… मग हात पुढे करून त्यानं डागाच्या कडेला हलकेच बोट लावलं. मोठ्यानं बोलवेना, तेव्हा तो घरच्या बोलीत, अहिराणीत बोलला.

"दुखस का?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे. मी मायले सांगस. लगीन करसू ते तुनासंगेच."

इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. खोटं कशाला बोलू, तिथेच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. रसाचा ग्लास बाजूला सरकवत तो पुढे म्हणाला,

"फक्त… लगीनना दिनले… मायसाठे, गावसाठे… जराखं झाकी लेशी?"

चरक फिरत होता. झाकून घेशील का, असं तो मला विचारत होता. आपण काय बोललो ते त्यालाही कळलं, जरा उशिरा, आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं माफी मागितली. मनापासून मागितली, ते दिसत होतं. पण झाकायला त्याचा हात कसा चालतो ते मला आता ठाऊक झालं होतं. वाईट माणसाचा हात नव्हता तो. त्या घोडीवरही त्याचा जीवच होता.

स्कार्फ पर्समध्ये टाकून मी उघड्या गळ्यानं बसमध्ये चढले. तो खिडकीखाली उभा राहिला, बस निघेपर्यंत. रडू आलं ते पारोळा मागे गेल्यावर, आणि मग थांबेचना.

तो मला हवा होता. आजही हवा आहे.

घरी येऊन मी खेळ उघडला आणि माझ्या घोडीचं वर्णन लिहिलं: 'काळी घोडी. गळ्यावर डावीकडे पांढरा डाग. झाकलेला नाही.' माझं मीच मंजूर केलं. स्क्रीनवर ओढा उमटला. 'शेजारी पांढरी घोडी उभी आहे. उजव्या डोळ्याखाली भोवरा, गळ्यात जांभळा गोंडा. काय करतेस?'

मी लिहिलं, 'एकटीच ओढा ओलांडते.'