शहापूरची सुरई

सर्व माणसं समान आहेत, हे सत्य सावरखिंडीत दर वर्षी फाल्गुनात, दुपारी साडेतीन ते चार या वेळात सिद्ध होत असे. शहापूरच्या सरकारी कचेरीतून साहेबांची जीप उशिरा निघाली तर ते साडेचारला सिद्ध होई. पाचच्या पुढे मात्र ते कधीच गेलं नाही, कारण साहेबांना उजेडात परतायचं असे.

गावच्या विहिरीपाशी मांडव पडे, मांडवात खुर्च्या, मधल्या खुर्चीत साहेब. भाषण संपलं की गावाबाहेरच्या वाडीतली एक मुलगी त्यांच्या पेल्यात पाणी ओती. साहेब ते सर्वांदेखत पीत. फोटो निघे.

अठ्ठावन्न सालापासून ती मुलगी म्हणजे मैना. मुरबाडला मावशीकडे राहून चौथी पास झालेली, आणि तांब्या धरताना हात न थरथरणारी. एरवी ती त्याच विहिरीच्या ओट्याखाली रिकामी कळशी घेऊन बसे. वाडीच्या बायकांनी ओट्यावर चढायचं नाही, पोहऱ्याला हात लावायचा नाही. गावातली कुणी आली, तिला दया आली, आणि दया आली तेव्हा नेमकी तिला घाई नसली, तर ती वरून पाणी ओती. ओट्यावर सरकारने पत्र्याची पाटी लावली होती – ‘सार्वजनिक विहीर. सर्वांस खुली.’ पाटी चांगली मोठी होती. दुपारी बायकांना तिची सावली पुरे.

तिसऱ्या वर्षी साहेबांबरोबर नवा पट्टेवाला आला. मैना आपली कळशी शाळेमागे ठेवायला गेली, आणि कोपऱ्यावर त्याच्यावर आदळताआदळता राहिली. खाकी सदरा, उन्हाने तांबडा झालेला चेहरा, आणि लेकराला घ्यावी तशी पोटाशी धरलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली सुरई.

“जपून गो! फुटली असती आता!”

“काय हाये तिच्यात?”

“पाणी.”

“विहिरीचं?”

“शहापूरचं. उकळलेलं. साहेबांचं पोट नाजूक हाये.” त्याने सुरई हळूच खाली टेकवली. “हे तांब्यात वतायचं, तांब्या मैना नावाच्या बाईला द्यायचा, नि तिनं साहेबाला पाजायचं. दर सालचं असंच हाये, म्हणं.”

मैना बघतच राहिली. तांब्या तिच्या हातात भरूनच येई. तिला वाटे, ओट्यावरून पाणी ओतणाऱ्या गावातल्या बारकीवहिनीने भरला असेल.

“म्हंजे दोन सालं मी... शहापूरचं पाणी शहापूरच्या साहेबाला पाजते?”

“हां.” तो विचार करून म्हणाला. “इथं आणून पाजता, येवढंच.” आणि मग, जरा चाचरत – “मैना म्हंजे... तुमीच का?”

तिने कळशी कमरेवर सरकवली. त्याची नजर तिच्या कळशीकडे गेली, तिथून तिच्याकडे आली आणि थोडी जास्तच थांबली.

“घोटभर देता का?”

“सुरईतलं प्या की.”

“ती सरकारी हाये.”

“फोटोवाला तिकडं मांडवात हाये,” मैना फटकन म्हणाली. “इथं पिऊन काय उपेग?”

“मला तहान लागली का फोटो लागत नाय,” तो म्हणाला, आणि ओंजळ करून वाकला.

मोहाची फुलं पडत होती, त्यांचा गोड दरवळ उन्हात भरून राहिला होता. मैना ओतत राहिली. पाणी त्याच्या बोटांतून निसटून कोपरांपर्यंत ओघळलं. पिता पिता त्याने मध्येच डोळे वर केले... आणि मैनाला धार थांबवायचं भानच राहिलं नाही.

“बास! बास गो! आंघोळ घालता का?”

सकाळपासून बसून मिळालेली कळशी एका पट्टेवाल्याच्या ओंजळीत आणि सदऱ्यात गेली होती. एवढं होऊनही राग यायचा तेवढा येईना, याचाच तिला राग आला.

त्याचं नाव कमळू. खर्डीच्या वरच्या अंगाच्या ठाकूरवाडीतला. पुढे दर सोमवारी तो कचेरीचं टपाल घेऊन सायकलवर सावरखिंडीत येऊ लागला. टपाल गावच्या विठू पाटलांचं असे. सायकल मात्र विहिरीपाशी थांबे.

“शहापूरपास्नं इथवर विहिरी किती?” एकदा मैनाने विचारलं.

“सात.”

“मग तहान इथंच कशी लागते?”

“सायकलला विचार. तीच थांबते.”

शेजारी बसलेली वाडीतली ठकू पदरात तोंड घालून हसली. मैना हसली नाही... म्हणजे, त्याला दिसेल असं हसली नाही.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी तो सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवून म्हणाला, “मैने, मी काय म्हनतो... असं दर सोमवारी येण्यापरीस...”

“पुढं बोलू नको,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता. “तू पितोस ते पाणी बारकीवहिनीनं वरून वतलेलं. त्यात माझं काय? ते पाजून मी कुनाची बायको व्हायची नाय. मी माझ्या हातानं पोहरा ओढीन, तेव्हा प्यायला ये. तवर वाट धर.”

“आन् तसं झालंच नाय तर?”

“तर शहापूरला सुरई हायेच.”

कमळूने वाट धरली, ती सरळ कचेरीची. कचेरीत नोकरीला असल्यामुळे त्याचा कागदावर विश्वास होता. त्याने सावरखिंडीच्या वाडीतर्फे अर्ज लिहिला, आवकजावकमध्ये चढवला, आणि स्वतःच टेबलाटेबलांवरून फिरवला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, आणि ते पोचवायलाही त्यालाच यावं लागलं. मैनाने ते पाटीच्या सावलीत बसून मोठ्याने वाचलं – ‘सदर विहीर सर्वांस खुली असल्याबाबतची पाटी विहिरीवर लावलेली असल्याचे दिसून येते. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.’

“झालं?” तिने कागदाची घडी घातली. “आता अजून एक पाटी लावायला सांग. सावली कमी पडते.”

त्या सोमवारी तो तहानलेलाच परत गेला.

एकसष्ट सालच्या फाल्गुनात पुन्हा मांडव पडला. या खेपेला निमंत्रणपत्रिकाही छापल्या होत्या. साहेब पाऊण तास बोलले. समता, बंधुता, चुली, खतांचे खड्डे... मग त्यांचा आवाज फाटू लागला आणि त्यांनी घशाला हात लावला. फोटोवाला पुढे सरसावला. मैना तांब्या घेऊन उभी होती; या वर्षी कमळूने तो तिला रिकामाच दिला होता.

शाळेच्या पायऱ्यांवर कमळू सुरई घेऊन आला. सगळ्या मांडवाला दिसेल असा तो पायरीवर थांबला. मैनाकडे बघितलं. आणि हात सोडले.

सुरई फुटल्याचा आवाज फार मोठा नसतो. पण सावरखिंडीत त्या क्षणी दुसरा आवाजच नव्हता.

“पाणी!” साहेब म्हणाले. हे भाषणात नव्हतं.

“आनतो, साहेब!” विठू पाटील उठले. “बारके, पोहरा टाक गो, बिगीनं!”

“साहेब,” कमळू नम्रपणे म्हणाला, “पत्रिकेत ‘कुमारी मैना यांच्या हस्ते’ छापलंय.”

साहेबांनी पत्रिका पाहिली. छापील मजकुराविरुद्ध जाणारे ते गृहस्थ नव्हते, आणि घसा कोरडा पडलेलाच होता. “मग त्यांनाच काढू द्या ना! आता इथे मुहूर्त पाहायचा आहे का?”

पाटलांनी बारकीवहिनीला हाताने थांबवलं.

ओट्याला चार पायऱ्या होत्या. मैना त्या आयुष्यात चढली नव्हती. खाली वाडीच्या बायकांत बसलेली तिची आई, गुणाबाई, अर्धी उठली – “मैने, नको गो...” – आणि परत बसली. पोहरा खाली गेला, बुडाला, जड झाला. दोराने तळवे सोलून निघाले, रहाट कुरकुरला, आणि पाणी वर आलं. साहेबांनी न वाचता सही करावी तशा चेहऱ्याने ते घशाखाली उतरवलं. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैना कळशी घेऊन सरळ ओट्यावर चढली. पाटील धावत आले.

“पोरी, काल झालं ते झालं! खाली उतर, विहीर बाटंल!”

“कालच बाटली असंल की मग,” मैना दोर सोडत म्हणाली. “साहेबांना लिवून कळवा – तुमीपन बाटलात म्हणून. लिवायला येत नसंल तर मी लिवून देते.”

पाटलांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, जणू ती आज पहाटे लागली होती. आणि घराकडे वळले.

“जरा सरक तिकडं,” मागून बारकीवहिनी आली. तिचा आवाज तापलेला होता. “जागा अडवू नको. आन् त्या ठकूला सांग, आपली कळशी आपण भर म्हणावं. येवढी वर्सं तुमच्या कळशा भरून खांदे गेले माझे. मला काय हौस होती?”

कमळू आला तो तीन आठवड्यांनी.

“होतास कुठं?” मैना ओट्यावरूनच म्हणाली. तिला उगाचच पदर सारखा करावासा वाटला.

“टपालावरून काढलं. मेमो दिला. ‘सुरई कशी फुटली, खुलासा करावा.’”

“काय लिवलंस?”

“लिवलं, ‘मला तहान लागली होती.’”

मैनाने तोंड फिरवलं. रहाटाकडे बघत राहिली... “आन् तुझी आय? तिला काय सांगशील? सावरखिंडीच्या वाडीतली बायको आणतो म्हणून?”

“सांगितलं.”

“मग?”

“बोंब मारते हाये. आठ दिस झाले. अजून चार दिसांनी दमंल.” तो पहिल्या पायरीशी येऊन उभा राहिला. “मैने... तू म्हनाली व्हतीस, तुझ्या हातानं ओढशील तेव्हा ये. आलो.”

“ओंजळ धर मग,” ती म्हणाली. आवाज नको तितका मऊ झाला. “आन् या खेपेला सदरा भिजला तर बोंबलू नको. जल्मभर भिजायचं हाये.”

त्याने ओंजळ धरली. तिने पोहरा सोडला. दोर सरसरत गेला, गेला, आणि खालून खणकन आवाज आला. तिने ओढून पाहिलं. पोहऱ्यात चिखल होता आणि एक बेडूक.

सावरखिंडीची विहीर दर साली गुढीपाडव्याच्या पुढेमागे आटते. मग पाऊस पडेपर्यंत सगळं गाव आणि सगळी वाडी नदीतल्या एकाच झऱ्यावर पाणी भरतात. तिथे पाटी नाही.