मशीन थांबल्यावर

फोमच्या तुकड्यांचा गठ्ठा काखेत आणि सायकलच्या जुन्या ट्यूबा खांद्यावर, अशी ती जिना चढून वर आली. रात्रपाळी करून आलेल्या नर्सनं खरं तर या वेळी अंथरुणात असायला हवं. पण झोप लागायची कशी? तिच्या उशीच्या बरोबर वर शिवणकाकूंचं पायाचं मशीन होतं. उजाडलं की ते सुरू व्हायचं आणि अंधार पडेपर्यंत धडधडत राहायचं. सगळं छत दणाणायचं.

तिनं कानात कापूस कोंबला, छताला थर्माकोल चिकटवला. फरक शून्य. ठेकेदार म्हणाला, छताखाली दुसरं छत घाला. ते तिच्या ऐपतीबाहेरचं. शेवटी वॉर्डातल्या एका गादीवाल्या पेशंटनं सांगितलं, "सिस्टर, आवाज खालून अडत नाही. जिथे आदळतो तिथेच मऊ काहीतरी घाला." फोमही त्याच्याच दुकानातला, कापून उरलेला.

परवाच गुंगीत तिनं एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला द्यायला घेतलं होतं. मेट्रननं वेळीच हात धरला म्हणून निभावलं. पुन्हा असं झालं तर नोकरी जाणार होती, आणि घरात म्हातारे बाबा होते.

काकूंनी दार उघडलं. तिच्या हातातलं सामान बघून त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"काकू, मशीन बंद करा असं नाही म्हणत मी. फक्त पायांखाली हे घालू."

"सगळा आवाज जाईल का गं?"

"बराचसा जाईल."

"मग नको."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि तिला रडू फुटलं. काकूंचा जीव कळवळला असावा. त्या बाजूला झाल्या. दोघींनी मिळून मशीन उचललं, पायांखाली ट्यूबच्या घड्या घातल्या, खाली फोम, त्यावर जाड सतरंजी. काकूंनी पाय मारला. चाक गरगर फिरलं, पण आवाज आला तो नुसता कपडा झटकल्यासारखा.

"झोप हो आता," काकू म्हणाल्या. "पण खाली कुणी हाक मारली, तर ओ देऊ नकोस. आपलं माणूस समोर दिसल्याशिवाय ओ म्हणून द्यायची नाही."

एकटं राहून राहून बाईचं डोकं फिरलंय, असं मनाशी म्हणत ती जिना उतरली.

त्या दिवशी ती मेल्यासारखी झोपली. दुसऱ्या दिवशीही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली, मेट्रन दोन शब्द नीट बोलली. घर इतकं शांत झालं, की नळाचं ठिबकणं ऐकू यावं.

मग एका दुपारी तिला बोलण्याच्या आवाजानं जाग आली. पुढच्या खोलीत बाबा कुणाशी तरी बोलत होते. पडल्या पडल्या तिला वाटलं, कुणी आलं असेल. आणि ती ताडकन उठून बसली. बाबांनी उमेदीची वर्षं बॉयलरपाशी काढली होती, त्यात कान गेले ते गेलेच. त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. हे बोलणं मात्र अगदी हलक्या आवाजातलं होतं.

"हो... जेवलो... नाही, ती झोपलीय."

ती दारात आली. बाबा स्टुलावर उभे होते. भिंतीला हात टेकून, मान वाकडी करून त्यांनी कान छताला लावला होता. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. खोलीत ओल्या मातीचा वास कोंडला होता. आणि मग तिलाही ऐकू आलं. वरच्या फरशीत नाही, खालच्या छतात नाही, त्या दोन्हींच्या मधे. कुणीतरी फार वेळ गप्प राहून बोलावं, तसं खरखरीत, मायेचं. शब्द कळत नव्हते. प्रश्न आहे एवढं कळत होतं.

"बाबा," ती ओरडली, "उतरा खाली."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. छताकडे बघून ते म्हणाले, "बरं... ये की मग."

ती अनवाणी वर धावली. काकू मशीनवरच होत्या. तिचा चेहरा पाहून त्यांचा पाय थांबला.

"तू?"

"बाबा."

काकूंनी डोळे मिटले. मग दोघींनी सतरंजी ओढली, फोम उपसला, ट्यूबा भिरकावल्या. उघड्या फरशीवर मशीन पुन्हा दणाणू लागलं. काकू पाय मारता मारताच बोलत होत्या.

"दिवसाचंच बोलतं ते, म्हणून दिवसभर हे दणाणत ठेवते, कुणाला ऐकू जाऊ नये. का, ते मला विचारू नकोस. आमच्या ह्यांनी ओ दिली होती. त्यानंतर वर्षभर घरात होते, पण माझ्यासोबत नव्हते. मग एक दिवस निघून गेले. जाताना दार उघडून धरलं, आधी कुणाला तरी बाहेर जाऊ दिलं, आणि मग स्वतः गेले."

ती खाली आली तेव्हा बाबा खुर्चीत शांत बसले होते. गालाला चुना लागला होता. तिनं तो पदरानं पुसला, ताप पाहिला, नाडी पाहिली. सगळं ठीक होतं.

"वरचं मशीन फार वाजतं गं," बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उत्तम ऐकू येतंय, नशीबवान आहात. बाबांना सगळं ऐकू येऊ लागलं: रस्त्यावरच्या सायकलची घंटा, शेजारच्या घरातली कुजबुज, दुधाला येणारी उकळी. फक्त तिचा आवाज येईना. ती समोर बसून हाका मारी, कानाशी तोंड नेऊन ओरडे. ते शांतपणे तिच्या ओठांकडे बघत राहत.

काकूंचं मशीन आता पुन्हा दिवसभर वाजतं. तिनं दिवसपाळी मागून घेतली. पण सुट्टीच्या दिवशी ती बाबांपाशी बसते, वॉर्डातलं काहीबाही सांगते. आपला आवाज त्यांना ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही बोलत राहते.

परवाही ती तशीच बोलत होती. बाबांनी मान हलवली, क्षणभर तिला वाटलं, ऐकलं. पण ते तिच्या खांद्यामागच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होते. ओठांवर बोट ठेवून ते हळूच म्हणाले,

"हळू बोल... ती ऐकतेय."