सतरा नंबरचा कॅल्क्युलेटर

पिशवीचा बंद तुटला तो नेमका दुरुस्तीच्या दुकानासमोर, आणि तीस कॅल्क्युलेटर रस्त्यावर पसरले. साधे बेरीज-वजाबाकीचे नव्हेत. समीकरण दिलं की हातभर लांबून दिसणार नाही एवढ्याशा काचेवर त्याचा आलेख काढून दाखवणारे. त्या काळी ही चीज नवलाची होती. कॉलेजने नवे घेतले आणि जुने शाळेला देऊन टाकले. ते आणायला ती स्वतः गेली होती, कारण अशा कामात तिचा दुसऱ्या कुणावर भरवसा नसे. आता उकिडवी बसून एकेक गोळा करत होती.

दुकानातून एक माणूस आला. समोर बसला, एक कॅल्क्युलेटर उचलून कानाशी हलवला.

"हा बरा आहे." दुसरा हलवला. "हाही. हा मात्र रुसलाय."

"रुसलाय की मेलाय?"

"मेलेले खुळखुळत नाहीत, बाई."

शाळेतली बाई कशावरून, असं तिने विचारलं, तर म्हणाला, बाहीला खडू लागलाय. तिने बाही झटकली. खडू गेला नाही, आणि तो हसला तेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

तीस यंत्रं पुन्हा हलवण्यापेक्षा तोच शाळेत यायला तयार झाला. गुरुवारी त्याचं दुकान बंद असे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, आवाज होता कामा नये या अटीवर. त्याला नववीच्या वर्गातला मागचा बाक मिळाला, कारण प्लग तिथेच होता.

पहिल्या गुरुवारी तो मान खाली घालून स्क्रू काढत होता. दुसऱ्या गुरुवारी मान वर होती.

त्याला कारण खेळ. वर्गातल्या पोरांना बटणं शिकवायची म्हणून तिने तो घरी बसून रचला होता. फळ्यावर चौकटी आखायच्या आणि त्यात पाच-सहा टिपके द्यायचे. पोरांनी असं समीकरण शोधायचं, की त्याची रेघ जास्तीत जास्त टिपक्यांतून जाईल. जितके टिपके तितके गुण. नेम चुकला तर दोन वजा. एका बाजूला खिडकीवाले, दुसऱ्या बाजूला दारवाले. महिन्याभरापूर्वी गणिताच्या तासाला ज्यांना हटकून पाणी प्यायला जायचं असे, ती पोरं आता घंटा झाली तरी उठत नव्हती. खिडकीवाल्यांत भोंगा होता, ज्याचं उत्तर शेजारच्या वर्गालाही ऐकू जाई. दारवाल्यांत टाचणी, बारीक, आणि टोचणारी.

तिसऱ्या गुरुवारी ते झालं. टिपके असे होते, की त्यांतून वर्तुळ जावं. टाचणीने समीकरण घातलं, दोन बटणं दाबली आणि यंत्र वर धरलं. काचेवर वर्तुळ नव्हतंच. आडवं अंडं होतं.

"चुकलं," फळ्याजवळून ती म्हणाली. "दोन वजा."

खिडकीवाल्यांनी बाक वाजवले. टाचणीचे डोळे भरून आले, पण ती बसली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, त्यांचं बरोबर असेल. काचच लांबट आहे."

त्याने उघडून ठेवलेली काच दाखवली. तिच्यात आडवे ठिपके पंचाण्णव, उभे त्रेसष्ट. दोन्हीकडे दहापर्यंतचेच आकडे बसवले, की आडवं ताणलं जाणारच.

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. तिचे कान तापले.

"तुम्ही तुमचं काम करा," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली आणि काम केलं. जाताना नेहमीसारखा हसला नाही.

घरी गेल्यावर तिने पर्स टेबलावर टाकली आणि एकत्र राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, ताईला, जेवायला थांबायला सांगून आधी कॅल्क्युलेटर काढला. आडवी हद्द दहाची पंधरा केली. अंडं गोल झालं, अगदी बांगडीसारखं. मग समीकरणात एकेक टिपक्याचे आकडे घालून बघितले. सगळे चोख बसले. हे तिने वर्गातच करायला हवं होतं. बारा वर्षं शिकवणाऱ्या बाईने आकड्यांना विचारायचं सोडून डोळ्यांवर विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात ते सांगितलं, दारवाल्यांचे दोन गुण परत दिले आणि टिपक्यांचे वर दिले. प्रकरण मिटलं होतं. तरी गुरुवारी तो मागच्या बाकावर बसल्यावर तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, उभं राहून. भोंगा म्हणाला, बाई, हे झालंय की. तिने त्याला गप्प बसवलं.

तास संपल्यावर बाहेर रिमझिम सुरू झाली म्हणून दोघं व्हरांड्यात थांबली.

"मी नववीपर्यंत शिकलो," तो म्हणाला. "तेही रडतखडत. नऊ वर्षांत पुष्कळ मास्तरांनी गुण कापले. परत दिलेले... कधी बघितले नव्हते."

व्हरांड्याच्या कडेने पाणी ठिबकत होतं आणि ती उगाचच थेंब मोजत होती.

तेव्हापासून तोही खेळायला लागला. मागचा बाक हा तिसरा संघ झाला. चुकायचा भरपूर, आणि चुकला की कान पकडून दाखवायचा. तिरकी रेघ अजून उभी कशी करायची, हे त्याने तिला तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्याला ते येत होतं, हे तिला कळत होतं, आणि कळतंय हे त्यालाही. घरी ताई इस्त्रीकडे बघत म्हणे, "हल्ली गुरुवारी बरी नवी घडी मोडतेस." ती म्हणे, बाकीच्या सगळ्या धुवायला आहेत.

सात आठवड्यांत यंत्रं दुरुस्त झाली. एक सोडून. सतरा नंबरचा दर गुरुवारी सकाळी, खेळासाठी यंत्रं कपाटातून काढली की, बंद पडलेला असे. ती चिठ्ठी पाठवी आणि तो येई. एका मिनिटात यंत्र सुरू करी आणि मग तासभर बसे. बॅटरी उलटी असते, एवढंच, हे तिने पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. हा स्वतःच जाताना उलटी घालून जातो, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. चिडायला हवं होतं. चिडली मात्र नाही.

असे पाच गुरुवार गेले आणि शिक्षण खात्याचं पत्र आलं. तिचा खेळ वरपर्यंत पोचला होता. मोठ्या शहरात जाऊन तीन वर्षं इतर शिक्षकांना तो शिकवायचा. उत्तर शनिवारपर्यंत हवं. बारा वर्षांत असं पत्र शाळेत कुणाला आलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी अभिनंदन केलं, ताईने आनंदाने रडून घेतलं. तिने पत्र पर्समध्ये ठेवलं आणि गुरुवारची वाट पाहिली.

वर्ग रिकामा झाल्यावर तिने त्याला सांगितलं. तो स्क्रू फिरवत ऐकत राहिला.

"छान झालं," तो म्हणाला. स्क्रू कधीच घट्ट बसला होता. तो फिरवतच होता.

"तेव्हा आता हा सतरा नंबर नीट करून ठेवा. मी गेल्यावर नव्या बाईंना त्रास नको."

"तो बिघडलेला नसतोच, बाई. बॅटरी उलटी असते."

"माहीत आहे मला."

"मग घालता कशाला उलटी?"

"मी?" ती म्हणाली. "तुम्ही घालता."

त्याने हत्यार खाली ठेवलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग दोघांनीही एकदमच रिकाम्या बाकांकडे पाहिलं. आधी खिडकीकडच्या, मग दाराकडच्या. हे काम दोन्ही संघ आळीपाळीने करत असत, हे टाचणीने पुढे कबूल केलं, तेव्हा ती स्वतः शाळेत बाई झाली होती.

"मला वाटलं..." तो थांबला. "मला वाटलं, तुम्ही बोलावताय."

आता खरं बोलण्याची पाळी तिची होती. हसण्यावारी नेता आलं असतं. शनिवार दोन दिवसांवर नसता, तर तिने नेलंही असतं.

"आणि मला वाटलं, तुम्हाला यायचंय," ती म्हणाली. "म्हणून मी चिठ्ठी पाठवत होते."

त्याने यंत्राचं झाकण लावलं. मग तो म्हणाला, तुम्ही जायलाच हवं, असं पत्र सारखंसारखं येत नाही. मी काही तुमच्याबरोबर येऊ शकत नाही. दुकानाच्या वर आत्या राहते, तिनेच मला वाढवलं, दुकानही तिचंच. तिला आणि दुकानाला सोडून जाणं व्हायचं नाही. "मी थांबेन," तो म्हणाला. "तीन वर्षं काय, जातात."

"मला कुणी थांबलेलं नकोय," ती म्हणाली. "आत्यांना विचारलंत?"

"हे कसं विचारायचं?"

"तुम्ही नका. मी विचारते."

दुकानात आत्या काउंटरमागे बसून स्क्रू निवडत होत्या. लहान एका डबीत, मोठे दुसरीत. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पत्र, शहर, तीन वर्षं, आणि हा. तो दारात पायपुसण्यावर उभा होता, परक्याच्या घरी आल्यासारखा.

आत्यांनी चष्म्यावरून तिला पाहून घेतलं.

"माझं कारण सांगितलं वाटतं यानं?"

"हो."

"आणि दुकानाचं?"

"तेही."

"मी याला घेऊन आले तेव्हा हा चार वर्षांचा होता," आत्या म्हणाल्या. "याला सोल्डरिंगची सळई कशी धरायची, हे कुणी शिकवलं असेल, असं वाटतं तुला? दुकान बघते मी. तीन वर्षं काय, तीस बघेन. भाजी घरपोच येते आणि गुडघे माझे आहेत, त्यांना मी बघून घेईन." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "बाहेरून आत ये. दारात ऊन लागतंय."

तिने तिथेच काउंटरवर खात्याचा फॉर्म काढला. नाव, वय, अनुभव, सगळं आधीच भरलेलं होतं. शेवटचा रकाना तेवढा राहिला होता. राहण्याची सोय कुणासाठी हवी, एकटीसाठी की सहकुटुंब. आत्यांनी हिशेबाची पेन्सिल पुढे केली. तिने 'सहकुटुंब'वर खूण केली.

काउंटरच्या पलीकडून तो उलटं वाचत होता. उलटं असलं तरी त्याला वाचता आलं.

"बाई, हे आधी विचारतात," तो म्हणाला.

"चुकलं असेल तर खोडते."

त्याने हात पुढे करून काउंटरवरचं खोडरबर उचललं, आणि खिशात घातलं.