आधी भिंत भिजवायची

ताईने व्हिनेगरच्या एवढ्या बाटल्या मागितल्या, की दुकानदाराने विचारलंच, "काय, अख्ख्या गल्लीचं लोणचं घालताय का?"

"भिंत धुवायचीय," ताई हसली. "भाचा घरी येतोय उद्या."

भाचा वेळेआधीच जन्मलेला, मुठीएवढ्या छातीचा. अजून आईबरोबर दवाखान्यात होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खोलीत बुरशीचा ठिपकाही नको, आणि ती काढायला ब्लीचसारखं जहाल काही नको. त्याच्या फुप्फुसांना दोन्ही सोसणार नव्हतं. आणि इथे भावाच्या भाड्याच्या घरात कपाट सरकवलं, तर मागे जमिनीपासून छतापर्यंत काळीभोर बुरशी! बारीक लव आलेली, आणि तिला वास मात्र गंजक्या लोखंडाचा.

ताईची लाँड्री होती. डागांशी तिचं जन्माचं वैर. तिने खिडकी सताड उघडली, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, भावाला आणि स्वतःला मास्क, रबरी मोजे चढवले.

"आधी भिजवायची. मग तासभर गप बसायचं. मग पुसायची. कोरडी खरवडलीस तर सगळी उडून नाकातोंडात जाईल."

"ब्लीच मारलं असतं तर एव्हाना..."

"नाव काढू नकोस. आणि चुकून या व्हिनेगरमध्ये मिसळलंस तर बाळ घरी आणि आपण दोघं दवाखान्यात."

भाऊ शिंपी होता. झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस. बाप झाल्यापासून मात्र त्याला धीर म्हणून राहिला नव्हता. भिंतीचा खालचा भाग भिजवून ताई पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली, आणि तिला आवाज आला. खर्र... खर्र...

ती धावली. मास्क गळ्यात लोंबत होता आणि भाऊ स्टुलावर उभा राहून लोखंडी पट्टीने वरची कोरडी भिंत खरवडत होता. खोलीभर काळी भुकटी तरंगत होती. गिलाव्याचे पोपडे गळून पडले होते आणि त्यांच्याखाली खड्डे दिसत होते. मुठीएवढे, एकाला लागून एक, माणसाचं डोकं येईल त्या उंचीवर. कोणीतरी ते बुजवून वर रंग दिला होता.

"कोणीतरी भिंतीला ठोसे मारलेत रे..." ताई हळूच म्हणाली.

"भिंतीला नाही," भाऊ म्हणाला. "मध्ये कोणीतरी होतं."

"तुला... काय माहीत?"

तो वळला. इतकं खूश तिने त्याला बाळ झालं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पहिला ठोसा तिच्या गालावर बसला. मास्क फाटला. तिला ओरडायलाही सुचलं नाही, कारण हा तिचा धाकटा होता, तिनेच कडेवर वागवलेला. त्याने तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. मग पुन्हा. ओठ फुटला, तोंडात रक्त आणि भुकटीचा चिखल झाला. चाचपडत तिच्या हाताला व्हिनेगर भरलेली स्प्रेची बाटली लागली. तिने ती त्याच्या डोळ्यांत मारली. त्याने किंचाळून तिला सोडलं. तिने पोछ्याची काठी उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो कोसळला, खोकला, काळं काळं ओकला.

"ताई... थांब... मी आहे गं..."

आवाज त्याचाच होता. तिला तो स्वच्छ ऐकू आला. तरी तिने काठी उगारली. पाठीवर घातली, मग हातावर, मग पुन्हा पाठीवर. आणि तिला आनंद होत होता. दुसरा शब्दच नाही त्याला. काठी मोडली म्हणून ती थांबली.

मग दोघं गळ्यात गळा घालून रडली, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीत. संध्याकाळपर्यंत नीट काम केलं. भिंत भिजवली, पुसली, खाण्याच्या सोड्याने घासली, फडकी पिशवीत घट्ट बांधून टाकली, पंखा लावून भिंत खडखडीत वाळवली. भावजयीला सांगितलं, स्टूल घसरलं आणि दोघंही पडलो.

बाळ घरी आलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छाती साफ होती. पण बापाने उचललं की ते श्वास घेईना. रडणं नाही, धडपड नाही, नुसतं रोखून धरायचं. ओठ निळे पडायला लागायचे. आईकडे दिलं की सोडायचं.

भावाला काय कळायचं ते कळलं. तो दुकानात झोपायला जाऊ लागला. "मी लांबच बरा, ताई. तो श्वास घेतोय ना, बस्स. तू आहेस ना इथे?"

"मी आहे," ताई म्हणाली. भावाकडे बघून तिचं काळीज तुटत होतं. तिला स्वतःलाही मुका मार इतका लागला होता की तिने अजून बाळाला हातात घेतलं नव्हतं.

एके दुपारी भावजय आंघोळीला गेली. बाळ झोपलं होतं, छाती छान वरखाली होत होती. पांघरूण सरकलं होतं म्हणून ताई वाकली.

बाळाने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याची छाती थांबली.

"अरे... मी आहे रे... आत्या..."

आता मागे सरायला हवं होतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं. ती आणखी खाली वाकली. न्हाणीघरात पाणी पडत होतं. बाळाचे ओठ निळसर होत चालले होते, आणि आपण हसतोय हे तिला सुजलेला गाल दुखला तेव्हा कळलं.