डाव्या कानातली बाई

बाजारातून येताना चार सेल आण, एवढंच नवऱ्याने, मार्गोनोने, सांगितलं होतं. पार्तिनीने सोयाबीनच्या तेम्पेच्या वड्या घेतल्या, केळीची पानं घेतली, आणि सेल मात्र मुद्दाम सगळ्यात हलके घेतले. लवकर संपू देत, म्हणाली मनात.

नवऱ्याला तीन महिन्यांपासून नवं खूळ लागलं होतं. मोटारसायकली दुरुस्त करणारा माणूस, कुठून तरी जुना रेकॉर्डर आणि दोन माइक घेऊन आला. दर पस्तिसाव्या दिवशी दुपारी गावच्या पेंडोपोत, चारी बाजूंनी उघड्या मंडपात, गामेलान वाद्यवृंदाची बैठक असे, ती टिपू लागला. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये कोंबडे, खोकले आणि त्याची स्वतःचीच वाहवा. गाँगची मोठी टांगती थाळी वाजवणारे सुकार म्बाह, म्हणजे सुकारआजोबा, हसून म्हणाले होते, "अरे, टिपणाऱ्याने टाळी वाजवायची नसते. श्वाससुद्धा जपून घ्यायचा."

मागच्या बैठकीचं रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ आलं. तेव्हापासून रोज जेवण झालं की हा ओसरीवर बसे, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, आणि ओठांवर हसू. असलं हसू पार्तिनीच्या वाट्याला लग्नाच्या पहिल्या वर्षी आलं होतं, त्यानंतर नाही.

तो आंघोळीला गेला तसा तिने हेडफोन कानांवर चढवला.

आधी गाँग आला, लांबून. मग गायिकेचा आवाज. आणि मग डाव्या कानात, अगदी कानाच्या पाळीला लागून, कोणी बाई गुणगुणत होती. मध्येच थांबून श्वास घेत होती. पार्तिनीने झटकन मान वळवली. ओसरी रिकामी. दीड वर्षांची लेक वेनिंग बाटल्यांच्या झाकणांशी खेळत होती.

"बैठकीत तुमच्या शेजारी कोण बसतं?" तो बाहेर येताच तिने विचारलं. "डाव्या अंगाला?"

"सुकार म्बाह. का गं, त्यांचा संशय येतो की काय? सत्तरी उलटली त्यांची!"

"मग गुणगुणते कोण?"

केस पुसता पुसता त्याचा हात थांबला. "मला वाटलं... तूच मागे येऊन बसली होतीस."

"वेनिंगला ताप होता त्या दिवशी. मी घर सोडलं नव्हतं."

"हो..." तो म्हणाला, आणि तिच्या हातातून हेडफोन काढून घेतला. इतका हळुवार, की तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

पुढच्या बैठकीला पार्तिनी चांगले कपडे घालून, वेनिंगला कडेवर घेऊन त्याच्याआधी हजर.

"नवऱ्यावर पहारा वाटतं?" शेजारची बू तुगी, तुगीकाकू, म्हणाली.

"पहारा कसला, बू? शिकतेय."

गाँगच्या पायाशी फुलांची परडी होती, मोगरा आणि गुलाबाच्या पाकळ्या. सुकार म्बाह मार्गोनोकडे बघत म्हणाले, "मागच्या खेपेला ही सरकवून माइक लावलास. वीतभर का होईना, सरकवलीस."

"तिथे आवाज चांगला येतो, म्बाह."

"येणारच. ती जागा ऐकणारीची आहे."

"कोण ऐकणारी?" पार्तिनीने विचारलं.

म्हाताऱ्याने परडीतल्या पाकळ्या सारख्या केल्या. "तिला फक्त बसायला जागा लागते, पोरी. एक काढून घेतली... तर दुसरी शोधते."

पार्तिनीने परडी उचलली, पायरीखाली चपलांच्या रांगेत नेऊन ठेवली आणि त्या जागेवर ठाण मांडलं. मांडीवर वेनिंग, दोन्ही हातांच्या मुठीत माइकचा स्टँड. बस आता कुठे बसतेस ते!

दोन तास ती हलली नाही. मोगऱ्याचा वास मात्र तसाच येत होता, उलट जवळून. वेनिंगला रोज अर्धा तास थोपटावं तेव्हा डोळा लागायचा. त्या दिवशी ती आपली आपणच झोपली.

घरी येऊन मार्गोनोने सुरुवातीचं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. "गेली," तो पुटपुटला.

पार्तिनीला इतका आनंद झाला की वेनिंगला आत निजवून तिने त्याच्यासाठी तेम्पे तळायला घेतलं, वर तिखट चटणीही वाटली. तो ऐकतच होता. मग म्हणाला, "शेवटी शेवटी तू वेनिंगला थोपटतेस ना, ते फार गोड आलंय."

"मी?"

तिने हेडफोन लावला. थप... थप... थप... आणि त्याखाली तेच गुणगुणणं. पण आता कानाशी नाही, खाली, मांडीच्या उंचीवर.

तिने आपले तळवे पाहिले. दोन्हींवर स्टँडच्या नळीचा लाल वळ अजून होता.

आत वेनिंग कुरकुरली. पार्तिनी धावत गेली, शेजारी आडवी झाली, पाठीवर हात ठेवला. पोरीने अंग ताठ केलं आणि खांद्याने तो हात झटकला, परक्या बाईचा झटकावा तसा.

"वेनिंग... आई आहे गं मी..."

पुन्हा हात ठेवला, तशी पोरीने किंकाळी फोडली. शेवटी तिने हात काढून घेतला, तेव्हा रडं थांबलं.

पार्तिनीला आधी भीती वाटलीच नाही. आधी उसळला तो तोच जुना जळफळाट. मग तिचं लक्ष त्या पातळ झबल्याकडे गेलं. पाठीच्या मधोमध कापड तळव्याएवढं दबत होतं, वर येत होतं, पुन्हा दबत होतं. आवाज अजिबात नव्हता.

आणि वेनिंग डोळे मिटून हसत होती. बापासारखी.