लमॉन्टचं कडवं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. यात लाज माझीच जाणार आहे. खोटं सांगून मला काय मिळणार?

न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स. १९९३ सालच्या मार्चमधला एक रविवार. रात्र नव्हती, सकाळचे अकरा वाजले होते. लोक चर्चमध्ये असायचे, म्हणून त्या वेळी स्टुडिओ रिकामा मिळायचा.

आमचा रॅप ग्रुप तिघांचा. मी डॅरेल. तबकड्या फिरवणारा कर्टिस. आणि लमॉन्ट.

लिहिणारा खरा तोच. मी नुसता आवाजाचा धनी.

जानेवारीत आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. अकरा मजले चढताना लमॉन्टचा दमा उसळला. औषध ओढायचा पंप घरी राहिला होता. नवव्या मजल्यावरच तो गेला.

त्याच्या आईनं, मिस अर्लीननं, त्याची गाण्यांची वही माझ्या हातात दिली. म्हणाली, "सांभाळ, बाळा. माझं पोरगं आहे यात."

आमच्या पहिल्यावहिल्या अल्बममध्ये एक कडवं कमी पडत होतं. ते मी त्या वहीतून उचललं.

आमच्यात दुसऱ्याच्या ओळी चोरण्याइतकं हलकं काम नाही. मार खाल्लेला चालतो. पण चोर म्हणून नाव झालं की कोपऱ्यावरची पोरंही तोंड फिरवतात. हे मला चांगलं ठाऊक होतं.

तरीही अल्बमच्या कागदावर लेखकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.

"आयला, हे कधी लिहिलंस?" कर्टिस म्हणाला. "लमॉन्टनं ऐकलं असतं तर जळून खाक झाला असता."

मी हसलो. ते हसू आठवलं की आजही मान वर होत नाही.

कडवं एका झटक्यात रेकॉर्ड झालं. रेकॉर्डिंग करणाऱ्या ओर्लँडोनं टेप मागे घेऊन लावली.

माझा आवाज सुरू व्हायच्या आधी...

फुस्स.

मग जरा शांतता... आणि पुन्हा फुस्स.

"तू पंप घेतोस?" ओर्लँडोनं विचारलं.

मला दमा नाही. कधीच नव्हता.

माइकसमोर आल्यावर दोनदा पंप ओढायचा आणि मग सुरू करायचं, ही सवय लमॉन्टची.

आम्ही परत रेकॉर्ड केलं. परत तेच. ओर्लँडोनं माझा आवाज पूर्ण बंद केला आणि नुसतं संगीत लावलं...

फुस्स. फुस्स.

ओर्लँडोनं टेप बदलली आणि आम्ही शेवटच्या गाण्याकडे वळलो.

शेवटच्या गाण्यात आपल्या माणसांची नावं घ्यायची असतात. जिवंत असलेल्यांची आणि गेलेल्यांचीही. मी लमॉन्टचं नाव सगळ्यांत मोठ्यानं घेतलं. काचेपलीकडे दोघांनीही ते ऐकलं.

टेपवर माझ्या आजीचं नाव आलं. इमारतीचं आलं. मग "आणि आमचा भाऊ..."

पुढे काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

तीनदा घेतलं, तीनदा तेवढीच जागा कोरी राहिली. मग कर्टिसनं घेतलं. त्याच्या तोंडून नाव स्वच्छ आलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "डॅरेल, तू काय केलंयस?"

"काही नाही."

कागद समोरच होता. पेनही तिथंच. नाव खोडायला किती वेळ लागला असता? पण माझा हात उचलला गेला नाही.

जूनमध्ये अल्बम आला. चर्च सुटल्यावर कॅसेट घेऊन मी मिस अर्लीनकडे गेलो. तिनं माझ्यापुढे पालेभाजी आणि मक्याचा पाव ठेवला आणि कॅसेट लावली.

ते कडवं आलं.

फुस्स... फुस्स.

मिस अर्लीन सवयीनं उठली. ओट्याखालचा खण उघडून तिनं पंप काढला. तो हातात धरून दाराकडे बघत उभी राहिली. कडवं संपेपर्यंत तशीच.

मग तिनं हळूच विचारलं, "हे तू लिहिलंस, बाळा?"

आता तरी खरं बोलायचं होतं. तिच्यासाठी तरी.

"हो," मी म्हणालो.

ती रागावली नाही. पंप माझ्या ताटाशेजारी ठेवला. "मग हा तूच ने. तुला लागेल."

मिस अर्लीन जाऊनही आता वीस वर्षं झाली. पंप माझ्या कपाटात आहे. रिकामा. तिनं दिला तेव्हाही रिकामाच होता. मी कितीदा तपासलंय.

हे लिहायला बसलो तेव्हा कपाट बंद होतं. तिच्यासमोर "हो" म्हणालो, ते वाक्य लिहिलं आणि आतून...

तोच आवाज दोनदा आला.

अल्बमवर नाव अजून माझंच आहे.