उजवा हात

“त्या हातांत माझं मूल द्यायचं नाही!”

भावाचे ते शब्द कानावर पडले आणि पाळण्याकडे निघालेले ताईचे हात जागच्या जागी थिजले. बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं, भावजयीचे हात पिठात होते. कुठल्याही आत्याने जे केलं असतं तेच ती करायला गेली होती... तुरुंगातून सुटून आल्यापासून ते बाळ तिने फक्त दारातूनच पाहिलं होतं.

“अहो, असं काय बोलता? त्या तुमच्या...” भावजय मध्ये पडली.

“ज्या हातांनी माणसाचं पाऊल चेचलं, ते हात,” भाऊ शांतपणे म्हणाला आणि चपला पायांत सरकवून सभेला निघून गेला. रागावणंही कसं, अगदी अहिंसक!

भावजय हुंदका देत म्हणाली, “वन्सं, आता पुरे! मी आजच सांगून टाकते यांना.”

“तुला बाळाची शपथ आहे,” ताई म्हणाली. “निवडणूक तोंडावर आलीय. एवढी होऊन जाऊ दे. आणि जरा तो वरचा निळा तागा काढून दे बाई, माझा हात काही पोचत नाही.”

आईवडिलांच्या माघारी घरातल्याच शिवणाच्या दुकानात यंत्रावर पाय मारून तिने भावाला वाढवला होता. तो लहानपणी भिंतीवरून पडताना त्याला झेललं तेव्हा तिचा उजवा खांदा निखळला, हाडवैद्याने कसाबसा बसवला, पण त्या दिवसापासून तो हात खांद्याच्या वर म्हणून गेला नाही. डाव्या हाताला तर सुईही धरवत नसे. वरच्या फळीवरचे तागे पुढे कितीतरी वर्षं भावानेच काढून दिले, हसत हसत, “ताई, तुझी शिडी हजर आहे!” म्हणत... आणि तोच भाऊ ते विसरला! संतापाने माणसाचे डोळे जातात म्हणतात. याची आठवणसुद्धा गेली होती.

घडलं होतं ते असं. शहराच्या नगरपालिकेवर वरून माणसं नेमली जात. “नेमू नका, आम्हाला निवडू द्या,” एवढंच मागणं घेऊन भावाची माणसं दुकानाखालच्या रस्त्यावर मुकाट बसली होती. लाठी आली तरी हात उचलायचा नाही, असा त्यांचा नेम. लाठी आली. भावाचं कपाळ फुटलं. वर गॅलरीत उभी असलेली, दिवस गेलेली भावजय ते रक्त पाहून वेडीपिशी झाली; कापड दाबून ठेवायचं लोखंडी वजन तिने उचललं आणि छातीएवढ्या कठड्यावरून थेट रस्त्याच्या मधोमध भिरकावलं! एका तरुण शिपायाचं पाऊल चेचलं गेलं. जिन्यात बूट वाजले तेव्हा ताईने भावजयीला मागच्या खोलीत ढकललं आणि दारात उभी राहून म्हणाली, “मी फेकलं.”

दुसरं काय करणार होती ती? पोटुशी पोर तुरुंगात बाळंत झाली असती. आणि म्होरक्याच्याच बायकोने वजन फेकलं म्हटल्यावर इतक्या माणसांनी निमूट खाल्लेला मार मातीमोल झाला असता... म्हणून ती गेली. आणि भावाने भर रस्त्यात सांगितलं, “आजपासून मला बहीण नाही!”

पण मागणं अखेर मान्य झालं. शहराची पहिली निवडणूक जाहीर झाली, आणि उमेदवार ठरवायला लाकडाच्या वखारीत त्या सकाळी सभा भरली; भाऊ निघाला होता तो तिथेच. ताई एका कडेला, ओंडक्यावर बसली. मागोमाग बाळाला घेऊन भावजयही आली.

सभेत सगळं हात वर करून ठरत असे. उत्साही मंडळी दोन्ही हात वर करून मोकळी होत, म्हणून भावानेच नियम घातला होता: फक्त उजवा हात, आणि तोही डोक्याच्या वर, स्पष्ट दिसेल असा.

औषधांचा दुकानदार चाचरत उभा राहिला. “राग मानू नका... पण विरोधक बोट दाखवणार. ज्याने हिंसा केली तो आपला सभासद नाही, असा ठराव करून टाकावा. कोणीही असो.”

भावाचा चेहरा दगडासारखा झाला. “ठरावाच्या बाजूने कोण?”

हळूहळू हात वर जाऊ लागले. आणि ताईने... ताईनेच आपल्याविरुद्ध हात उचलला! माझ्यापायी याची एवढ्या वर्षांची तपश्चर्या अडायला नको, एवढंच त्या भोळ्या जिवाच्या मनात होतं. पण हात खांद्यापाशी येऊन अडला.

चौथऱ्यावरून मोजत मोजत भावाची नजर तिच्यापर्यंत आली. “बाई, हात नीट वर करा. असा मोजणीत धरला जात नाही.”

बाई! ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं, ओठ दाताखाली दाबले आणि हात वर रेटू लागली. वेदनेने चेहरा पिळवटला, पण हात तसूभर हलेना...

भावाचे आकडे तोंडातच राहिले. त्याला एकेक आठवू लागलं. ती भिंत, ती किंकाळी, ते निळे तागे... आणि मग तो छातीएवढा कठडा!

“हा हात...” तो पुटपुटला. “या हाताने वजन कठड्यावरून पार रस्त्याच्या मधोमध जाईलच कसं?”

“मी फेकलं!” भावजय किंचाळली. “शपथ मोडली वन्सं, मोडली! यांचं रक्त बघवलं नाही मला. त्यांनी माझा तुरुंग भोगला, आणि मी गप्प बसले. आता चौकीवर जाऊन सांगणार आहे. त्या शिपायाच्या पायाही पडणार आहे!”

भाऊ चौथऱ्यावरून उतरला आणि ताईच्या पायाशी मटकन खाली बसला.

“ताई... मी सगळ्या शहराचे हात मोजले गं! तुझा एक बघितला नाही.”

“ऊठ, वेड्या,” ती रडत रडत हसली. “लोक बघतायत. मतं जातील.”

“जाऊ देत.” मग तो वयस्कर सुताराकडे वळला. “काका, तुम्ही मोजा. आता प्रश्न माझ्या बायकोचा आहे. ती चौकीवर जाईल तेव्हा मी बरोबर असेन. तिला सभासद ठेवायचं की नाही, ते सभेने ठरवावं.”

सुतारकाका घसा खाकरून म्हणाले, “चुकून, कबूल करून, भरपाई करायला निघालेल्या माणसाला जे आपलं म्हणतात, त्यांनी हात वर करा.”

भावजयीने पुढे होऊन रडणारं बाळ ताईच्या डाव्या कुशीत ठेवलं. ऊब लागताच ते गप्प झालं. ताईने उजवा हात उचलला. तो पुन्हा खांद्यापाशी अडला. तेवढ्यात तिच्या कोपराखाली एक हात आला, आणि हळूहळू, दुखू न देता, जाईल तेवढा वर घेऊन गेला.

“अहो, तुमचा स्वतःचा हात?” सुतारकाकांनी विचारलं. “नियम तुमचाच आहे, उजवाच लागतो.”

“माझा गुंतलाय, काका,” भाऊ म्हणाला. “ताईचा तेवढा मोजा.”

आणि डोक्याच्या खालीच राहिलेल्या त्या हातापासून काकांनी मोजायला सुरुवात केली.